मुद्रांकसंग्रह आणि इतिहासाचे साधन

वसाहतकालीन तिकिटांचा संग्राहक दुर्मिळतेस प्रमाण मानतो. इतिहासाच्या अभ्यासकास हे प्रमाण जसेच्या तसे स्वीकारता येणार नाही. ‘सिंध डाक’चेच उदाहरण घ्यावे. सिंध प्रांत मुंबई इलाख्यात असताना तेथील कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी १८५२ साली अर्ध्या आण्याची ही तिकिटे काढली. त्यांतील तांबडे तिकीट लाखेच्या ठिसूळ चकतीवर उठविलेले असल्याने सहज तडके. म्हणूनच आज त्याचे मोल फार. परंतु शिक्क्यासह टिकलेला एखादा साधा लिफाफा टपालाच्या वाटेविषयी जे सांगतो, ते सुटे कोरे तिकीट सांगू शकत नाही.

महसुली मुद्रांकांची दशा याहून शोचनीय आहे. १८९९ च्या मुद्रांक कायद्यान्वये वीस रुपयांवरील पावतीस एक आण्याचे तिकीट लागे. ते पुन्हा वापरता येऊ नये म्हणून पैसे घेणारा तिकिटावरून आडवी सही करी. संग्राहकाने तिकीट कापून नेले, की देणाऱ्याचे नाव, रक्कम व मिती असलेला कागद बहुधा रद्दीत जातो (आणि यास छंद म्हणावयाचे!). क्वचित तो दप्तरात राहिलाच, तर त्यावर चौकोनी भोक आणि अर्धी सही तेवढी उरते.