मेळघाटातील ‘भेट’ : मिशनरी वृत्तान्तातील ‘आम्ही’ आणि ‘आपण’

प्रस्तावना

वऱ्हाडच्या सांस्कृतिक इतिहासात मेळघाटाचा उल्लेख बहुधा निसर्गवर्णनापुरता येतो. गाविलगडचा किल्ला, चिखलदऱ्याची थंड हवा आणि १९७४ मध्ये घोषित झालेला व्याघ्रप्रकल्प यांपलीकडे अभ्यासकांची दृष्टी क्वचितच जाते. या डोंगराळ प्रदेशात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ख्रिस्ती मिशनऱ्यांचे कार्य सुरू झाले. ‘कुर्कू अँड सेंट्रल इंडियन हिल मिशन’ या संस्थेच्या नावातच कोरकू समाज आणि डोंगर हे दोन्ही आहेत. मिशनरी कुटुंबाने दुर्गम पाड्यावरील लहानशा मंडळीला दिलेली भेट हा या कार्याशी निगडित लेखनाचा एक ठरलेला प्रकार होय. या प्रकाराचे वाङ्मयीन परीक्षण करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

भेटवृत्तान्ताची घडण

भेटवृत्तान्ताची रचना ठरावीक असते. हिवाळ्यात दौरा निघतो, सामान बैलगाडीवर लादले जाते, घाट चढताना अरण्याचे वर्णन येते, गावकरी जमतात, प्रार्थना व गायन होते, शेवटी निरोप. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे दौरेही हिवाळ्यातच निघत, त्यामुळे राज्यकर्ता आणि धर्मोपदेशक यांची वाट पुष्कळदा एकच असे. कुटुंब सोबत असल्याने वृत्तान्ताला घरगुती जिव्हाळा लाभतो आणि दूरदेशीच्या वाचकाला, म्हणजेच देणगीदारालाही, ते लेखन आपलेसे वाटते. बऱ्हाणपूर व वऱ्हाड या भागांत कार्य केलेल्या अर्नेस्ट व फिबी वॉर्ड या फ्री मेथॉडिस्ट दांपत्याचे ‘एकोज फ्रॉम भरतखंड’ हे पुस्तक १९०८ मध्ये प्रसिद्ध झाले. दोघांच्या नावे निघालेले हे पुस्तक मिशनरी कुटुंबच लेखनाचे एकक कसे बनले होते, याची साक्ष देते.

या रचनेतील उणीव जिव्हाळ्याच्या अभावाची नाही. ती दृष्टिकोनाची आहे. पाहुणे दोन दिवस राहतात, मंडळी वर्षभर तेथेच असते. पाहुणे निघून गेल्यावर प्रार्थना कोण चालवतो, आजाऱ्याकडे कोण जातो, मुठवा देवाच्या ठाण्यासमोरून जाताना नवख्रिस्ती कुटुंबाची शेजाऱ्यांशी वागणूक कशी असते, हे प्रश्न भेटीच्या चौकटीत मावत नाहीत. भूमका हा गावचा पुजारी, किंवा मृतांच्या स्मरणार्थ कोरलेला लाकडी मुंडा, हे अशा चौकटीत केवळ कुतूहलाचे विषय ठरतात. त्यांमागील श्रद्धाव्यवस्था अस्पर्शित राहते.

व्याकरणाचा उलटा प्रवास

या पार्श्वभूमीवर मिशनरी जॉन ड्रेक यांचे १९०३ मध्ये कलकत्ता येथे प्रसिद्ध झालेले कोरकू भाषेचे व्याकरण महत्त्वाचे ठरते. व्याकरण लिहू पाहणाऱ्याला केवळ भेट देऊन चालत नाही. त्याला बसावे लागते, विचारावे लागते, चुकावे लागते आणि ज्याला उपदेश करावयाचा त्याच्याकडूनच सुधारून घ्यावे लागते. येथे उपदेशक शिष्य होतो आणि कोरकू माणूस शिक्षक.

कोरकू ही मुंडा गटातील भाषा आहे. एकवचन व अनेकवचन यांखेरीज तिच्यात द्विवचन आहे. शिवाय ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला वगळणारे ‘आम्ही’ यांची सर्वनामे निराळी आहेत. मराठीभाषकाला हा भेद परिचित आहे, इंग्रजीला मात्र तो नाही. ‘पापे’, ‘गाव’ किंवा ‘देव’ यांच्याविषयी प्रथमपुरुषी अनेकवचनात बोलताना इंग्रजी वक्ता श्रोत्याला आत घेतो की बाहेर ठेवतो, हे शब्दावरून कळत नाही. कोरकूत बोलावयाचे तर प्रत्येक वाक्यात हा निर्णय घ्यावाच लागतो. भेटवृत्तान्तातील प्रथमपुरुष मराठीत आणावयाचा झाल्यास बहुतेक ठिकाणी ‘आम्ही’च लिहावे लागेल, ‘आपण’ नव्हे. या लेखनप्रकाराची मर्यादा यातून नेमकी दिसून येते.

अर्थात व्याकरणालाही निर्दोष मानता येत नाही. त्याच्या निर्मितीशी धर्मप्रसाराचा हेतू जोडलेला होता, आणि शिकवणाऱ्या कोरकूंचे श्रम असूनही ग्रंथकर्तृत्व एकट्या ड्रेक यांच्या नावे नोंदले गेले. तरीही भेटीपेक्षा भाषाभ्यासात परस्परता अधिक होती, हे नाकारता येत नाही.

यजमानाच्या बाजूने

मराठी वाङ्मयात या नात्याची दुसरी बाजू ‘स्मृतिचित्रे’त आढळते. नागपूर-राजनांदगाव प्रवासात ना. वा. टिळक यांची रेल्वेत ज्या मिशनऱ्याशी गाठ पडली, ते अर्नेस्ट वॉर्ड होते असे सांगितले जाते. टिळकांनी १८९५ मध्ये आणि लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १९३४ पासून ग्रंथरूपाने आलेल्या या आत्मकथनात मिशनरी हे ना देवदूत, ना कपटी. ती गुणदोषांसह वावरणारी माणसे आहेत. लक्ष्मीबाईंना हे साधले, कारण पाहण्याचा व सांगण्याचा अधिकार त्यांच्या हाती होता. मेळघाटातील कोरकू ख्रिस्ती स्त्रीला मात्र असा अधिकार देणारी कृती मराठी वाचकाच्या परिचयाची नाही.

निष्कर्ष

मिशनरी लेखनाकडे पाहण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एक कृतज्ञतेची, दुसरी संशयाची. पहिली मिशनऱ्याचा त्याग पाहते, दुसरी त्याचा हेतू. दोन्हींत केंद्रस्थानी मिशनरीच राहतो आणि कोरकू माणूस उद्धाराचा किंवा फसवणुकीचा निव्वळ विषय बनतो. यापेक्षा न्याय्य कसोटी अशी : त्या लेखनात शिक्षक कोण आहे, आणि लेखकाच्या ‘आपण’मध्ये गावकरी सामावतो काय?

२०११ च्या जनगणनेनुसार कोरकू ही सुमारे ७ लाख २७ हजार लोकांची मातृभाषा आहे. धारणी व चिखलदरा तालुक्यांतून अमरावती-अकोल्याच्या महाविद्यालयांत येणारा विद्यार्थी ही भाषा बरोबर घेऊन येतो आणि वर्गाच्या दाराशी ती ठेवून आत बसतो. मेळघाटात क्षेत्रभेटीस जाणाऱ्या प्राध्यापकांच्या अहवालांनाही वरील कसोटी लावून पाहिली पाहिजे. तेथेही ‘आम्ही’ गेलो, ‘आम्ही’ पाहिले, ‘आम्ही’ परतलो एवढेच असेल, तर शतकापूर्वीच्या भेटवृत्तान्ताची चौकट अद्याप मोडलेली नाही, असे म्हणावे लागेल.