पंच्याण्णवावे प्रेत

शाळेच्या सहलीत एसटीतली मुले मोजताना एक कमी भरले की मास्तराच्या पोटात गोळा येतो. पण एक जास्त भरले तर? एलिस पीटर्स या इंग्रज लेखिकेच्या ‘वन कॉर्प्स टू मेनी’ या १९७९ सालच्या कादंबरीत असेच घडते. मात्र मोजायची असतात ती प्रेते. साल ११३८. इंग्लंडच्या गादीसाठी राजा स्टीफन आणि सम्राज्ञी मॉड यांच्यात जुंपली आहे. स्टीफन श्रूजबरीचा किल्ला घेतो आणि आतल्या ९४ जणांना फासावर चढवतो. त्यांना मूठमाती देण्यासाठी तिथल्या बेनेडिक्टाइन मठातून ब्रदर कॅडफेल येतो, मोजतो, तर प्रेते ९५!

येथे रहस्यकथेचा वाचक सरसावून बसतो. मीही बसलो. दहा-बारा पाने वाचली आणि माझी मलाच लाज वाटू लागली. एका प्रेतासाठी मी उत्सुक झालो होतो आणि शेजारच्या ९४ जणांवरून नजर खुशाल पुढे गेली होती. त्यांना राजाने मारले, म्हणून तो खून नव्हे! लेखिका याचे प्रवचन झोडीत नाही. कॅडफेल सगळीच प्रेते नीट मांडतो, आप्तांना ओळख पटवू देतो. एवढे पुरते.

एलिस पीटर्स हे टोपणनाव. खरे नाव एडिथ पार्जेटर (१९१३–१९९५). बाई श्रॉपशायरच्याच. त्या विद्यापीठात गेल्या नाहीत. तरुणपणी औषधांच्या दुकानात नोकरी केली. मॅट्रिकवर थांबलेल्या माझ्यासारख्याला हा तपशील सुखावतो, हे कबूल करून टाकतो. पण तो पुस्तकांतही उतरला आहे. कॅडफेल मूळचा वेल्समधला. धर्मयुद्धात लढून, दर्यावर्दी होऊन, उतारवयाकडे झुकताना मठात आलेला. तिथे तो वनस्पतींची बाग राखतो. त्याच्या झोपडीतल्या मलमांचा, काढ्यांचा, टांगून वाळवलेल्या जुड्यांचा वास वाचकाच्या नाकाशी येतो.

‘मंक्स हुड’ (१९८०) मध्ये या झोपडीतूनच मरण बाहेर पडते. आपल्या बचनागाच्या जातीच्या वनस्पतीचे तेल त्याने दुखऱ्या सांध्यांवर चोळण्यासाठी केलेले असते. कोणीतरी ते जेवणात घालते. औषध याचे, हात दुसऱ्याचा. आळ एका पोरावर येतो. कॅडफेल गुन्हेगार हुडकतो, पोरावरचा आळ पुसला जाईल अशी तजवीज करतो आणि गुन्हेगाराला चक्क जाऊ देतो! प्रायश्चित्त एकच: जगायचे, आणि जन्मभर लोकांचे भले करायचे. हे मला पटले का? पुरते पटले नाही. मेलेल्या माणसाला विचारले कोणी? तो दुष्ट असेल, पण क्षमा करण्याचा पहिला हक्क त्याचा होता. मात्र ९४ फास पाहिलेल्या माणसाने आणखी एक दोर वळू नये, हे समजू शकते.

१९७७ ते १९९४ या काळात अशा वीस कादंबऱ्या निघाल्या. इतके लिहिले की साचा पडतोच. बहुतेक पुस्तकांत एक प्रेमी जोडपे भेटते, आणि त्यातला नायक संशयित असला की तो सुटणार हे आपण आधीच ओळखतो. पंच्याण्णवाव्या प्रेताचा न्यायही शेवटी द्वंद्वयुद्धाने होतो, हे तर फारच सोयीचे! प्रश्न न्यायाचा विचारायचा आणि उत्तर तलवारीने द्यायचे.

‘ब्रदर कॅडफेल्स पेनन्स’ या अखेरच्या कादंबरीत मात्र लेखिकेने ही सोय स्वतःला दिलेली नाही. शत्रूच्या कैदेत पडलेल्या मुलासाठी कॅडफेल आज्ञापालनाची शपथ मोडून मठाबाहेर राहतो. याही कथेत खून आहे. पण तो कोणी केला यात त्याचे मन फारसे गुंतत नाही, आणि माझेही गुंतले नाही. काम उरकून तो परत येतो आणि चर्चच्या थंडगार दगडी फरशीवर पालथा पडून राहतो. मठाधिपती आपल्याला पुन्हा आत घेतील की नाही, त्याला ठाऊक नसते.