पडद्यावरची गोष्ट कुणाच्या बोलीत?

'प्रथम बुक्स'ने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' हे डिजिटल कथाभांडार खुले केले. त्यातल्या काही बोलत्या गोष्टींत आवाजाबरोबर पडद्यावरचा शब्द उजळतो. घरात पुस्तक नसलेल्या पोराला ध्वनी आणि अक्षर यांचे नाते त्यातून उमगू शकते. हे मोल मी नाकारत नाही. माझा प्रश्न भाषेचा आहे. आजी 'व्हतं' म्हणते, पडदा 'होतं' म्हणतो. म्हणजे वाचता येण्याआधीच पोर काय शिकणार? आजीची बोली अशुद्ध, हेच ना? पण तेथे कुणालाही गोष्ट आपल्या भाषेत आणता येते, नवी लिहिता येते. वस्तीतल्या शिक्षकांनी ही मुभा वापरावी. आजीची गोष्ट आजीच्याच बोलीत लिहावी. आपल्या तोंडचा शब्द अक्षरात भेटला, तरच अक्षर आपले वाटेल.