तांबडी फुली

दिवाळीच्या फराळाबरोबर मास्तराची कबुली वाढणे बरे नव्हे. पण वाचकांनी गोड मानून घ्यावी. मॅट्रिकच्या पुढे माझी मजल गेली नाही. कादंबऱ्या लिहितो आणि पोटासाठी इंग्रजी शिकवतो. आधी जळगावला, आता धुळ्याला.

वर्ड्‌स्वर्थची डॅफोडिल्सची कविता चालली होती. कवी स्वतःला एकाकी ढगाची उपमा का देतो, असा प्रश्न मी घातला. एका शेतकऱ्याच्या मुलाने लिहिले, 'एकटा ढग पाऊस पाडत नाही, नुसता वरून जातो. म्हणून कवी उदास आहे.' गाइडात 'निश्चिंत भटकंती' असे छापले होते. मी तांबडी फुली मारली.

मारली खरी, पण ती मनातून जाईना. खानदेशात ज्याने जून-जुलैत आभाळाकडे डोळे लावले आहेत, त्याला एकट्या ढगात मौज कशी दिसावी?

मग मुलाचे उत्तर बरोबर होते काय? पुरते नव्हते. अनुभव अर्थाचे दार उघडतो. आत गेल्यावर मात्र कवितेचेच ऐकावे लागते. आरंभीचा 'लोन्ली' हा शब्द उणिवेचा, अखेरचा 'सॉलिट्यूड' भरल्या एकांताचा. फुले पाहून, पुढे ती आठवून, एकटेपणाचा एकांत होतो, हीच त्या कवितेची वाट. गंमत अशी, की १५ एप्रिल १८०२ रोजी ती फुले पाहताना कवी एकटा नव्हताच. बहीण डॉरथी बरोबर होती, तिच्या रोजनिशीत तशी नोंद आहे. म्हणजे ते एकटेपण कवीने जाणून घातलेले. मुलाने वाटेचे पहिले पाऊल नेमके ओळखले. गाइडाने तेच पुसले होते.

याच वर्ड्‌स्वर्थने 'लिरिकल बॅलड्स'च्या १८०० सालच्या प्रस्तावनेत खेड्यातल्या साध्या माणसांच्या भाषेचा कैवार घेतला. आमच्याकडे ते काम आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींनी प्रस्तावनेवाचून केले. त्यांना अक्षरओळख नव्हती. गाणी पुस्तकरूपाने आली ती त्यांच्या निधनानंतर, १९५२ साली. शेतातल्या कामांतूनच त्यांनी जगण्याचा अर्थ लावला. आणि त्यांच्याच मुलखातला मुलगा तसा अर्थ लावू लागला, तर आम्ही फुली मारतो!

इंग्रजीच्या तासाला घरच्या बोलीला आणि घरच्या आभाळाला मज्जाव नसावा. मुलाला आधी त्याचा अर्थ सांगू द्यावा. मग म्हणावे, 'आता कवितेत दाखव.' चार दिवसांनी मी त्या मुलाला तसेच म्हटले. त्याने शेवटचे कडवे पुन्हा वाचले, जरा थांबला आणि म्हणाला, "सर, मंग शेवटी बरसलाच की तो ढग!"

फुली मी माझ्याच हाताने खोडली.