पंचेचाळीस फेऱ्यांच्या अलीकडे

पोहरादेवीची रामनवमीची यात्रा उठली की बिछायत केंद्राच्या टेम्पोत परत चढणाऱ्या चादरींवर सगळी यात्रा उमटलेली असते. वाशिमच्या मानोरा तालुक्याची काळी माती, भोगातलं तूप, हळद, कुंकू, वरणाचे ओघळ. सेवालाल महाराजांच्या समाधीला देशभरातून बंजारा समाज येतो, तेव्हा अंथरुणाची मोजदाद नगावर होत नाही, गठ्ठ्यांवर होते. हे काम घरच्या मशीनचं नाही. ज्याचं आहे त्या यंत्रासमोर, म्हणजे एका वेळी ३० किलो कपडे घेणाऱ्या धुलाई यंत्रासमोर, आज जरा निवांत उभं राहू. बघणारे ‘काय दणकट आहे!’ म्हणतात आणि पुढे सरकतात. दणकटपणा हा त्यातला सगळ्यात कमी रसाळ भाग.

या यंत्रांचे शौकीन जगभर आहेत. विस्कॉन्सिनमधल्या रिपन गावची ‘स्पीड क्वीन’ की स्वीडनची ‘वास्कोमॅट’, यावर ते हमरीतुमरीवर येतात. अमेरिकेतली मराठी कुटुंबं गोधडी नि रजई घेऊन लाँड्रोमॅटमध्ये जातात ती गरजेपोटी. हे लोक मात्र नुसतं काचेतून बघायला जातात. त्यांना दिसतं काय?

पहिल्यांदा ड्रम बघा. व्यास ९० सेंटिमीटर, खोली साधारण ४७. म्हणजे ३०० लिटर पोकळी, आणि तिच्यात कपडे फक्त ३० किलो. किलोमागे दहा लिटर हा या धंद्यातला जुना हिशेब. नवख्याला वाटतं, केवढी जागा वाया! पण धुलाई होते ती त्या रिकाम्या जागेतच. आतल्या लिफ्टरच्या आडव्या पट्ट्या ओली चादर वर नेतात आणि पाऊण मीटरवरून खाली सोडतात. पाण्यावर आदळताना चादर पिळली जाते, धाग्यातलं मळकं पाणी बाहेर फेकलं जातं आणि नवं आत शिरतं. परटाचा, आपल्याकडच्या वरठ्याचा, दगडावरचा फटका याच कामाचा. ड्रम ठासून भरणारा मालक यंत्राची पडण्याची जागाच विकून टाकतो.

आता वेग. एवढ्या व्यासाच्या ड्रमात मिनिटाला ४० फेऱ्या झाल्या तर चादर माथ्याच्या थोडं अलीकडे भिंत सोडते आणि आडवी झेप घेऊन पडते. फेऱ्या ४५ केल्या तर ती भिंतीला चिकटते, माथ्यावरूनही सुटत नाही, गोल गोल फिरत राहते आणि धुतली जात नाही. सगळी कला या पाच फेऱ्यांच्या फटीत आहे. मोटर याच्या दहापट वेगानं फिरायला समर्थ असते, तरी धुताना ती चाळिशीच्या आसपासच राहते. ताकद असून न वापरण्याचा हा संयम काचेतून बघत राहावा असा आहे.

घरच्या मशीनवरचा ‘१२०० आरपीएम’चा स्टिकर इथे फसवा ठरतो. त्याचा ड्रम ४८ सेंटिमीटरचा. तेवढ्याच जोरानं पिळायला या थोरल्याला पावणेनऊशेच्या आसपास फेऱ्या पुरतात. पडण्याची उंची मात्र घरच्याकडे निम्मीच. ती कुठल्याही स्टिकरनं वाढत नाही.

दहा-बारा सेकंद एका दिशेला फिरून ड्रम थांबतो, दोन-तीन सेकंद स्तब्ध राहतो, मग उलटा फिरतो. त्या थांब्यात पीळ बसलेल्या चादरी आपल्या वजनानं सैल होतात. हा थांबा नसता तर शेवटी हातात एकच जाडजूड दोर आला असता. चांगल्या यंत्रात ही पलटी धक्क्याविना होते. पट्टा किरकिरत नाही, फक्त पाण्याचा आवाज बदलतो. शौकीन डोळे मिटून तो ओळखतात.

पाण्याची बाजूही कमी नाही. पहिलं पाणी थंड, कारण वरण-दुधाचा डाग गरम पाण्यात धाग्यालाच शिजतो. काळी मातीही याच पाण्यात सुटते. ते मोठ्या व्हॉल्व्हमधून भसकन जातं. इथे पाणी पंपानं उपसत नाहीत, तळ उघडून सोडतात. रेंगाळलं तर गाळ पुन्हा कपड्यावर बसेल. तुपाची पाळी नंतर, साठ अंशांत. फेस जवळजवळ नाही, आणि तो नसावाच! फेस झाला की चादर गादीवर पडावी तशी अलगद पडते, फटका बसतच नाही. वेळ, तापमान, रसायन आणि मार, या चौघांतला एक कमी केला तर बाकीच्यांनी भरून काढायचा, असं हेर्बर्ट सिनर या जर्मन रसायनज्ञानं १९५९ मध्ये मांडलं. सोड्याची भट्टी रात्रभर लावून सकाळी दगडावर हलका हात मारणाऱ्या परटाला हा हिशेब हातानं पाठ होता.

या मारापुढे एक वस्त्र मात्र कधीही ठेवू नये: बंजारा बायांची फेटिया-कांचळी, म्हणजे घागरा-चोळी. आरसे, कवड्या, नाणी, सगळी टाक्यांच्या भरवशावर. नंगाऱ्याच्या आकाराचं बंजारा विरासत संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ ला ज्या गावात उघडलं, तिथल्या बायांना हे सांगायला नकोच.

शेवटी पिळणं, आणि इथे यंत्र ती ४५ ची रेघ मुद्दाम ओलांडतं. मुंबईच्या महालक्ष्मीच्या धोबीघाटात, जो १८९० पासून आहे, दगडी हौदांशेजारी आता मोठी यंत्रंही फिरतात; पिळायला वेगळा ‘हायड्रो’ असला की ओला गठ्ठा उचलून त्यात टाकावा लागतो. एकाच ड्रमात दोन्ही करणाऱ्या यंत्राचा कस धुणं आणि पिळणं यांच्या मधल्या अर्ध्या मिनिटात लागतो. ड्रम हळूहळू वेग घेतो, चादरी एकेक करून भिंतीला लागतात, चौफेर सारख्या पसरतात, आणि मगच झेप. घाई केली आणि एका बाजूला किलोभर जास्त बसलं, तर तीनशेपट गुरुत्वाच्या वेगात त्या एका किलोचा हिसका ३०० किलोंचा होतो. म्हणून जमिनीला बोल्टनं जखडलेली यंत्रं शंभरपटीच्या आसपास थांबतात आणि काँक्रीटच्या पायावर उभी राहतात. स्प्रिंगवर तरंगणारी तीनशेच्या पुढे जातात. शौकिनांत जखडलेल्यांचा बोलबाला आहे, त्यांच्या घरघरीला वजन असतं म्हणे. माझं मत तरंगणाऱ्याला. पूर्ण वेगात त्याचं आतलं पिंप थरथरतं आणि बाहेरच्या पत्र्यावर ठेवलेला चहाचा कप हलत नाही, याला मी कारागिरी म्हणतो.

त्यातून निघालेल्या सुती चादरीत कोरड्या वजनाच्या ५०-६० टक्के पाणी उरतं. थंड देशात यापुढे ड्रायर लागतो. वाशिमच्या चैत्रात कशाला? दोरी पुरते. ड्रायरचे वाचलेले पैसे पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरवर घालावेत. बोअरचं पाणी जड असेल तर साबणाचा निम्मा जीव क्षारांशी झगडण्यातच जातो, आणि मग चाळीस फेऱ्यांचा हा सगळा डौल पिवळट चादरी बाहेर काढतो.