गुणाढ्याची पैज

फराळाला बसलेल्या मुलांना गुणाढ्याची कथा सांगून पाहावी. मोदकापर्यंत ती खदखदून हसतात आणि पुढे एकाएकी गप्प होतात. अकराव्या शतकातील काश्मिरी कवी सोमदेव याने ‘कथासरित्सागरा’च्या प्रारंभीच ती सांगितली आहे. सातवाहन राजा जलक्रीडा करीत असता राणी म्हणाली, मला पाण्याने मारू नका. ‘मा’ आणि ‘उदकैः’ यांचा संधी होऊन ‘मोदकैः’ झाले, आणि महाराजांनी मोदक आणविले! राणी हसली, राजाने अंथरूण धरले.

येथवर प्रहसन आहे. खरी गोष्ट सुरू होते ती राजाच्या घाईपासून. व्याकरणाला बारा वर्षे लागतात, मी सहांत शिकवीन, असे गुणाढ्य म्हणतो. शर्ववर्मा म्हणतो, सहा महिन्यांत. लोभ म्हटला की आपल्याला मोहरांचा हंडा आठवतो. हा लोभ कष्टावाचून मिळणाऱ्या विद्येचा आहे, म्हणून तो मोठा सभ्य दिसतो.

गुणाढ्याचा दोष निराळा. हे सहा महिन्यांत साधले तर संस्कृत, प्राकृत आणि देशी या तिन्ही भाषा सोडीन, अशी पैज तो लावतो. पंडिताने पणाला लावावी ती भाषाच! शर्ववर्मा कार्तिकेयाच्या वराने जिंकतो. हा वर मला कथेतला लंगडा सांधा वाटतो; देव मध्ये आला की माणसाच्या पराभवाची धार बोथट होते. हरलेला गुणाढ्य विंध्यारण्यात पैशाची शिकतो आणि शाईअभावी स्वतःच्या रक्ताने, सात वर्षांत, सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहितो. शिष्य ती दरबारी नेतात, तर राजा पिशाचांची भाषा म्हणून तिला झिडकारतो. काल मोदकावर अडलेला राजा आज भाषेचे कुळ विचारतो! सोमदेव येथे फार टीका करीत बसत नाही, यातच त्याची शहाणीव.

जुन्नरकरांनी ही कथा नाणेघाटात बसून वाचावी. तेथल्या लेण्यात नागनिका राणीचा म्हणून ओळखला जाणारा लेख आहे. यज्ञांची नावे, दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापणे, सारा थाट कोरला आहे तो प्राकृतात! संस्कृत येईना म्हणून कथेतला सातवाहन लाजेने झुरतो. इतिहासातल्या सातवाहनांना प्राकृताची लाज वाटली नाही. त्याच लेण्यात राजकुलाच्या मूर्तीही होत्या. आता वर नावे आहेत आणि खाली पावलांच्या खुणा.

इकडे अरण्यात गुणाढ्य एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवितो आणि अग्नीत टाकतो. हरणे, रानडुकरे चरणे विसरून साश्रू नयनांनी ऐकत उभी राहतात. (भीमाशंकरचे रान ओळखणाऱ्या आणि उसातल्या बिबट्याचा शेजार सोसणाऱ्या आंबेगावकरांनी हे चित्र डोळ्यांपुढे आणावे.) पशू खात नाहीत, म्हणून राजाच्या ताटात सुकलेले मांस येते आणि तो आजारी पडतो. काव्य कळले नाही, पण जेवण बिघडलेले बरोबर कळले! शोध घेत राजा पोचतो तेव्हा सहा लाख श्लोकांची राख झालेली असते. शिष्यांना प्रिय म्हणून राखलेली नरवाहनदत्ताची एक लाख श्लोकांची कथा तेवढी हाती लागते.

मूळ पैशाची बृहत्कथा आज कोठेही उपलब्ध नाही. आपण वाचतो ती सोमदेवाच्या संस्कृतातली, गुणाढ्याने पैजेत सोडलेल्या भाषेतली.