स्वल्पविराम कोणासाठी?

खुटबावच्या आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत जमिनीचे मोडी कागद आहेत. आधी सलग रेघ ओढायची, मग तिच्याखाली अक्षरं लिहीत जायची, अशी ही लिपी. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच. आजोबांनी एका मोडीवाचकांना बोलावलं, तेव्हा ते प्रत्येक ओळ दोनदा वाचत होते. एकदा अक्षरं लावायला, एकदा शब्द तोडायला. मी बघत बसलो. आमच्याकडे हेच काम पार्सर करतो.

प्रोग्रामिंगच्या भाषेत सेमीकोलन आणि कंस हवेतच कशाला, हा आमच्या धंद्यातला जुना वाद. मशीनला त्यांच्याशिवाय कळतं, मग बोटं कशाला झिजवायची? यातला पहिला भाग बराचसा खरा आहे. पायथॉन महिरपी कंसांऐवजी ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेवरून ओळखतो. गो भाषेत आपण सेमीकोलन लिहीत नाही; कंपायलर तो स्वतःच घालून घेतो.

मोडीही शेकडो वर्षं चाललीच की. मराठीत बरंच काम प्रत्यय करतात. बाबा शेतातून मेसेज टाकतात, 'मोटार बंद नको चालू ठेव'. स्वल्पविराम नाही, तरी मी मोटार बंद करत नाही. 'ठेवू' नाही, 'ठेव' आहे. शिवाय बाबांचं बोलणं मला पाठ आहे.

अडतं ते अनोळखी वाचकाचं. छापील पुस्तक अशाच वाचकाच्या हाती पडतं. मेजर थॉमस कँडी यांनी १८५० मध्ये 'विरामचिन्हांची परिभाषा' लिहून ही चिन्हं मराठीत रुजवली, त्यामागची गरज मला हीच वाटते.

चिन्ह काढलं म्हणून काम संपत नाही, ते दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जातं. जुना फॉरट्रान मोडीसारखाच होता, शब्दांमधली जागा मोजतच नसे. 'डू १० आय = १,१०' म्हणजे आय एकपासून दहापर्यंत मोजत फेरे मार. स्वल्पविरामाच्या जागी टिंब पडलं, की 'डू१०आय' नावाच्या डब्यात १.१० ठेव. मशीन तक्रार करत नाही, फक्त वेगळंच वाचतं.

मी जावास्क्रिप्टमध्ये 'रिटर्न' लिहून एंटर मारला आणि उत्तर पुढच्या ओळीत लिहिलं. भाषेने मदत म्हणून 'रिटर्न'नंतर स्वतःच सेमीकोलन घातला. फंक्शन रिकाम्या हाताने परत आलं. चूक शोधत रात्र गेली, तीही माझी नाही, ज्याने नंतर तो कोड हातात घेतला त्या सहकाऱ्याची.

म्हणून मला पायथॉनचा कोलन पटतो. ओळ आत सरकवल्यावर मशीनला त्याची फारशी गरज उरत नाही. तरी तो ठेवला, कारण पायथॉनच्या आधीच्या एबीसी भाषेच्या प्रयोगांत कोलनमुळे माणसाला वाचणं सोपं जातं असं दिसलं होतं. प्रत्येक ओळीच्या शेवटचा सेमीकोलन मात्र खुशाल जावा. तिथे ओळ संपल्याचं डोळ्यांनाच दिसतं.

त्या दिवशी विहिरीच्या पाण्याच्या ओळीपाशी मोडीवाचक थांबले. ती दोन प्रकारे तोडता येत होती, आणि दोन्हींत आमचा हिस्सा वेगळा निघत होता. आजोबा म्हणाले, "बांध कोरला की असंच होतं." ते शेजारच्या शेताबद्दल बोलत होते.